खेळ मेंदूचा, प्रश्न उभारीचा

घरातील वडीलधारी व्यक्ती हळूहळू गप्प होत जाते. सकाळचे वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राहते, संध्याकाळचे फिरणे बंद होते, नातवंडांच्या दंग्याकडेही लक्ष जात नाही. रडणे नाही की तक्रार नाही. 'वय झाले, आता कशात मन रमत नाही' असे म्हणून घरचेही स्वतःची समजूत घालतात. निरिच्छतेला मान देणाऱ्या आपल्या समाजात ही अवस्था विरक्ती म्हणूनही खपून जाते. परंतु विरक्ती माणसाने स्वीकारलेली असते. औदासीन्य आजाराने लादलेले असते. वार्धक्यातील नैराश्याचे हे लक्षण सहज नजरेआड होते. संगणकाच्या पडद्यावरील 'मेंदूच्या व्यायामा'ने ते हटवता येईल काय, याचा शोध सध्या मनोविकारतज्ज्ञ घेत आहेत.

औदासीन्य म्हणजे दुःख नव्हे. दुःखी माणसाला काहीतरी बोचत असते. उदासीन माणसाला काही करावेसेच वाटत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट मॅरिन यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी हा भेद ठळकपणे मांडला आणि औदासीन्य मोजण्यासाठी १८ मुद्द्यांची मापनपट्टी तयार केली. उपचारांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. नैराश्यावरील प्रचलित औषधांनी खिन्नता कमी होऊनही उमेद परतत नाही, असा अनुभव अनेक रुग्णांच्या बाबतीत येतो. काहींमध्ये तर या औषधांमुळेच भावना बोथट होतात. वयस्कांच्या नैराश्यात पुष्कळदा मेंदूच्या पुढच्या भागाचे कार्य मंदावलेले असते. कामाची आखणी करणे, ते सुरू करणे आणि लक्ष न ढळू देता पुरे करणे या क्षमता तेथील जाळ्यांवर अवलंबून असतात. ती जाळी दुर्बल झाली, तर माणूस आळशी ठरतो; प्रत्यक्षात त्याचे 'सुरू करण्याचे' यंत्रच अडलेले असते.

मग औषधाऐवजी या जाळ्यांनाच व्यायाम दिला तर? सारा शिझुको मोरिमोतो आणि न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषधांना दाद न देणाऱ्या ११ वयस्क रुग्णांना चार आठवड्यांत सुमारे ३० तास संगणकीय सराव देण्यात आला. आखणी आणि एकाग्रता यांची कसोटी पाहणारे हे खेळ रुग्णाच्या कामगिरीनुसार सोपे वा कठीण होत जात. 'एस्सिटॅलोप्रॅम' या औषधाने १२ आठवड्यांत जेवढा फरक पडतो, तेवढाच या सरावाने चार आठवड्यांत पडला, असे आढळले.

निष्कर्ष आशादायक असला तरी त्याच्या मर्यादा डोळ्यांआड करून चालणार नाही. रुग्ण अवघे ११ होते आणि तुलना आधीच्या औषधचाचणीतील रुग्णांशी केलेली होती. शिवाय मोजले गेले ते प्रामुख्याने नैराश्य. केवळ औदासीन्यावर असा सराव किती लागू पडतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यावरील औषधांच्या जोडीने वापरण्यासाठी 'रिजॉइन' या मोबाइलवरील उपचारप्रणालीला हिरवा कंदील दाखवला. मात्र तिच्या मुख्य चाचणीत २२ ते ६४ या वयोगटातील रुग्ण होते. ज्यांना औदासीन्य अधिक ग्रासते, ते वृद्ध त्या चाचणीत नव्हतेच.

बाजाराला मात्र एवढा धीर नसतो. 'ल्युमॉसिटी' हे मेंदूचे खेळ विकणाऱ्या कंपनीने वयोमानानुसार येणारा विसराळूपणा रोखण्याचे दावे केले. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याच्या आरोपावरून तेथील व्यापार आयोगाने कारवाई केली आणि २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्याच वर्षी डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातील संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. ज्या खेळाचा सराव करावा त्यात माणूस तरबेज होतो, परंतु त्याचा लाभ दैनंदिन जीवनात पोहोचल्याचे पुरावे तोकडे आहेत, असे त्यातून दिसले. सुदृढ व्यक्तीचा विरंगुळा आणि रुग्णावरील उपचार यांत फरक आहे. जाहिराती नेमका तोच पुसून टाकतात.

याहून मूलभूत पेच वेगळाच आहे. ज्याला अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, त्याने रोज तासभर पडद्यासमोर बसून सराव करायचा, अशी ही अपेक्षा! जी इच्छाशक्ती परत आणायची, तिच्याच भांडवलावर हा उपचार उभा आहे. म्हणूनच कुणीतरी शेजारी बसणे, वेळ ठरवून देणे, लहानशा प्रगतीचीही दखल घेणे यांवाचून तो तडीस जाणे अवघड. मुलाने परदेशातून टॅबलेट पाठवला आणि तो कपाटात पडून राहिला, तर दोष यंत्राचाही नाही आणि वृद्धाचाही नाही.

भारतात तर त्याआधीची पायरीच ओलांडलेली नाही. २०१७-१८ मधील 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. तसे निदान झाल्याचे सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते. दहातील नऊ जणांच्या आजाराला नावच मिळालेले नसताना त्यावरील ॲप निवडण्याची चर्चा अकाली ठरते. थायरॉइडचे विकार, स्मृतिभ्रंशाची सुरुवात वा चालू औषधांचे परिणाम हीदेखील औदासीन्याची कारणे असू शकतात आणि त्यांची तपासणी डॉक्टरच करू शकतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर प्राथमिक सल्लाही मिळू शकतो.

पुढील चाचण्या यशस्वी झाल्या, तर औषधांनी न सुटणाऱ्या दुखण्यावर एक निरुपद्रवी साधन हाती येईल, आणि तिचे स्वागतच व्हायला हवे. परंतु पडद्यावरील खेळ मेंदूच्या जाळ्यांना फार तर चालना देईल. घरातील माणूस गप्प का झाला, हे विचारण्याचे काम घरातल्यांनाच करावे लागेल.