जुना सेफ्टी रेझर

कळंबास श्रीचिंतामणीचे दर्शन घेऊन आम्ही आप्तांकडे उतरलो असता, घरच्या चिरंजीवांनी आजोबांच्या पेटीतील सेफ्टी रेझर पुढे केला. पहिली दाढी याने करावी काय, हा प्रश्न. किंग कॅम्प जिलेट यांस १९०४ साली अमेरिकेत ज्याचे पेटंट मिळाले, त्या दुधारी जातीच्या रेझरांत आजचीही पाती बसतात. तेव्हा केवळ जुनेपणाचे भय नको. मुलामा उडाला तरी चालेल. मात्र अंग पितळी असावे, आटे झिजलेले नसावेत, आणि पाते दोहों बाजूंस सारखेच बाहेर दिसावे. येथे पाते बसवून पाहिले, तो एक धार अधिक बाहेर! केव्हातरी पडून डोके वाकले असावे. ही आजोबांची स्मृती पेटीतच जपावी, व दाढीस दुसरा निर्दोष रेझर पाहावा, असे आम्ही सांगितले.