हसनची तक्रार खरी होती

डब्ल्यूडब्ल्यूईच्या चाहत्यांमध्ये काही वाद कधीच मिटत नाहीत. १९९७ साली मॉन्ट्रियलमध्ये ब्रेट हार्टला ठरलेल्या निकालाच्या विरुद्ध हरवलं, ते योग्य होतं का? रेसलमेनियातली अंडरटेकरची विजयाची मालिका ब्रॉक लेस्नरने २०१४ साली मोडली, ती मोडायला हवी होती का? याच यादीत आणखी एक नाव आहे, मुहम्मद हसन. दर काही महिन्यांनी कुणीतरी त्याची जुनी क्लिप टाकतं आणि खाली तीच चर्चा सुरू होते. तो जगज्जेता होणार होता, असं ठरलंही होतं म्हणे. एका योगायोगाने त्याचं करिअर संपलं. बिचाऱ्यावर अन्याय झाला.

अन्याय झाला, असं माझंही मत आहे. तो कोणावर झाला, याबाबत मात्र माझं या चाहत्यांशी जमत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००४च्या शेवटी डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यावर एक नवा पैलवान आला. तो अमेरिकेत जन्मलेला अरब आहे, असं सांगितलं गेलं. सोबत दैवारी नावाचा साथीदार होता. हसनचं म्हणणं साधं होतं. मी याच देशात वाढलो, पण ११ सप्टेंबर २००१ नंतर माझ्याकडे बघण्याची तुमची नजर बदलली. विमानतळावर मलाच बाजूला घेतात, मलाच संधी नाकारतात. तो हे बोलायचा आणि हजारो लोक त्याला हुर्यो करायचे.

कारण तो खलनायक होता. या धंद्यात खलनायकाला 'हील' म्हणतात. त्याचं काम एकच, लोकांना स्वतःचा राग यायला लावणं. एप्रिल २००५च्या रेसलमेनियात आपल्याला लढतच दिली नाही, अशी तक्रार घेऊन हसन रिंगमध्ये आला आणि त्याने युजीन नावाच्या भोळ्या, लोकांच्या लाडक्या पात्राला मारायला सुरुवात केली. तेवढ्यात 'रिअल अमेरिकन' गाणं वाजलं आणि हल्क होगन धावून आला. स्टेडियम वेडं झालं. खरा अमेरिकन कोण आणि खोटा कोण, हे त्या गाण्यानेच सांगून टाकलं होतं.

मी तेव्हा अकरावीत होतो. आमच्या मोहल्ल्यात टेन स्पोर्ट्स दिसायचं आणि लोडशेडिंग नसलं तर आम्ही दहा-बारा पोरं एकाच घरात गर्दी करायचो. त्याआधी ट्रम्प कार्डांवर आमचं सगळं बालपण गेलेलं. कोणाची छाती किती इंच, कोणाचं वजन किती, रँक कितवी, हे पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. अफवांचीही कमी नव्हती. अंडरटेकर मरून परत येतो, हे आम्ही शपथेवर सांगायचो. 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारने खऱ्या अंडरटेकरला उचलून आपटलं, यावरही आमची श्रद्धा होती. तो सिनेमातला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता, हे कितीतरी वर्षांनी कळलं.

हसन आला तेव्हा मात्र आमचा गोंधळ उडाला. पडद्यावर पहिल्यांदा कुणीतरी आमच्यासारख्या नावाचा होता. तो जे बोलत होता ते घरी अब्बाही बोलायचे, फक्त आवाज खाली ठेवून. आणि तरी तो हरावा असं आम्हालाही वाटत होतं. कॉलेजात मित्रांनी माझं नावच हसन पाडलं. त्यात द्वेष नव्हता, मीही हसायचो.

आता त्या 'योगायोगा'कडे येऊ. ४ जुलै २००५, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात स्मॅकडाउनचा एक भाग चित्रित झाला. त्यात अंडरटेकरने दैवारीला हरवलं. हसनने गुडघ्यावर बसून प्रार्थनेचा अभिनय केला. लगेच तोंडावर काळे मुखवटे चढवलेले पाच जण आले आणि त्यांनी तारेने अंडरटेकरचा गळा आवळला. नंतर दैवारीला शहीद असल्यासारखं डोक्यावर उचलून नेलं. हा भाग ७ जुलैला अमेरिकेत प्रसारित झाला. त्याच दिवशी सकाळी लंडनच्या मेट्रोत आणि बसमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. त्यात ५२ निरपराध माणसं मारली गेली. गदारोळ उठला आणि प्रसारण करणाऱ्या वाहिनीने हसनला पडद्यावर ठेवायला नकार दिला. २४ जुलैला अंडरटेकरने त्याला स्टेजवरून खाली आपटलं आणि ते पात्र कायमचं संपलं.

ही भूमिका करणाऱ्या तरुणाचं खरं नाव मार्क कोपानी. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा, इटालियन वंशाचा. अरबही नाही, मुसलमानही नाही. पुढे तो शिक्षक झाला, मग एका शाळेचा मुख्याध्यापक. त्याची संधी हुकली याचं वाईट वाटावं, हे मान्य. पण त्याला वेशभूषा उतरवून घरी जाता आलं.

ज्या नावाने तो रिंगमध्ये उतरत होता, त्या नावाच्या माणसांना ते जमत नाही. आणि लंडनचा स्फोट हा योगायोग असला तरी त्याच्या तीन दिवस आधी लिहिलेला तो प्रसंग योगायोग नव्हता. भेदभावाची तक्रार करणारा मुसलमान शेवटी मुखवटेधारी बोलावणारच, हे लेखकांच्या खोलीत आधीच ठरलं होतं. स्फोट झाले नसते तर कुणी आक्षेपही घेतला नसता. हसन जगज्जेता झाला असता आणि आणखी वर्षभर हेच चाललं असतं.

यावर चाहत्यांचं ठरलेलं उत्तर असतं. ही नुरा कुस्ती आहे, सगळ्यांनाच माहीत आहे, मनावर कशाला घेता? शिवाय जर्मन, जपानी, रशियन सगळ्यांनाच खलनायक केलंय की. हा मुद्दा खरा आहे. सोव्हिएत राष्ट्रगीत गाऊन प्रेक्षकांना चिडवणारा निकोलाय वोल्कॉफ प्रत्यक्षात क्रोएशियाचा होता. त्याचा जोडीदार आयर्न शेख मात्र खरोखर इराणचा, हुसेन वझिरी. खऱ्या मॅटवरचा कसलेला कुस्तीगीर, अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघाच्या प्रशिक्षकांना मदत केलेला माणूस. पण तेहरानमधल्या ओलीस प्रकरणानंतर त्याच्याकडून हवा होता तो फक्त अमेरिकेवर थुंकणारा इराणी. डिसेंबर १९८३ मध्ये तो विजेता झाला आणि महिन्याच्या आत होगनने त्याला हरवलं. होगनचं युग तिथूनच सुरू झालं. पुढे १९९१च्या आखाती युद्धात त्याच माणसाला 'कर्नल मुस्तफा' हे नाव देऊन इराकी बनवलं. इराण आणि इराक आठ वर्षं एकमेकांशी लढले होते, लाखो माणसं मेली होती. पण अमेरिकी प्रेक्षकाला दोन्हीकडचा माणूस एकच वाटतो, हे कंपनीला ठाऊक होतं.

म्हणून 'सगळ्यांनाच खलनायक केलं' हे पूर्ण उत्तर होत नाही. सोव्हिएत संघ संपला आणि रशियन खलनायकाचा धंदाही मंदावला. मुस्लीम खलनायक मात्र दर दशकात नव्या नावाने येत राहिला. आणि हसनची गोष्ट शेखपेक्षाही वाईट होती. शेख अमेरिकेला शिव्या द्यायचा. हसन शिव्या देत नव्हता, तक्रार करत होता, आणि ती तक्रार खरी होती. खलनायकाच्या तोंडी खोटं घातलं तर खोट्याची बदनामी होते. त्याच्या तोंडी खरं घातलं तर ते खरंच बदनाम होतं. उद्या दुसरा कुणी तेच बोलला की लोकांना आधी खलनायक आठवतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीसाठी मी शहरात आलो तेव्हा भाड्याची खोली शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. असं चार-पाच वेळा झाल्यावर जुन्या मित्रांच्या बैठकीत मी हे बोललो. क्षणभर शांतता झाली, मग एकजण हसत म्हणाला, "झालं का हसन तुझं सुरू?" सगळे हसले. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यानेच पुढे मला खोली मिळवून दिली. पण त्या दिवशी मला कळलं की आपलं गाऱ्हाणं संवाद म्हणून आधीच कुणीतरी म्हणून टाकलंय, आणि ते ऐकलं की हुर्यो करायची असते हे लोकांना शिकवलं गेलंय.

मग कुस्ती बघायचं सोडलं का? नाही. आणि त्याचं कारण सामी झेन आहे.

खरं नाव रामी सिबाई. कॅनडातल्या मॉन्ट्रियलजवळ सीरियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला मुसलमान. हसनचा खेळ चालू होता त्या काळात हा तरुण छोट्या रिंगांमध्ये 'एल जेनेरिको' या नावाने मुखवटा घालून मेक्सिकन पैलवान म्हणून लढत होता. म्हणजे एक इटालियन अरब बनला होता आणि खरा अरब मेक्सिकन बनून फिरत होता! पुढे मुखवटा उतरला. २०१७ मध्ये त्याने सीरियातल्या फिरत्या दवाखान्यासाठी निधी गोळा करायला सुरुवात केली. २०२२-२३ मध्ये त्याला जी कथा मिळाली ती एका दांडग्या कुटुंबात आपल्याला जागा मिळावी म्हणून धडपडणाऱ्या, आणि शेवटी मित्राला मारायला सांगितल्यावर मालकाच्याच पाठीत खुर्ची घालणाऱ्या माणसाची होती. त्यात धर्माचा उल्लेखही नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये रोमन रेन्सने त्याला हरवलं तेव्हा सगळं स्टेडियम हळहळलं. सौदी अरेबियातल्या कार्यक्रमांत तो वर्षानुवर्षं दिसला नव्हता आणि सीरियन असल्यामुळेच त्याला नेत नाहीत, अशी चर्चा चालायची. त्याच वर्षी मे महिन्यात तो जेद्दाहच्या रिंगमध्ये उभा राहिला आणि माईक घेऊन अरबीत बोलला.

कंपनीला एकाएकी शहाणपण सुचलं, असं मी म्हणत नाही. ती कंपनी विकलं जाईल तेच दाखवते. म्हणूनच चाहत्यांचं मत ही साधी गोष्ट नाही. २०१४ मध्ये डॅनियल ब्रायनला मुख्य लढतीत घ्यायला प्रेक्षकांनीच भाग पाडलं. २०२४ मध्ये कोडी ऱ्होड्सची जागा द रॉकला देण्याचा बेत चाहत्यांनी आठवडाभरात उधळला. २०१७ मध्ये जिंदर महालने जपानी नाकामुराच्या चेहऱ्यावरून टवाळी केली तेव्हा हे अति झालं, असं समोर बसलेल्या लोकांनीच ओरडून सांगितलं. ज्यांच्या ओरडण्याने रेसलमेनियाचा निकाल बदलतो, त्यांनी 'आम्ही फक्त बघतो' असं म्हणू नये.

म्हणून पुढच्या वेळी हसनची क्लिप फिरू लागली की माझी एकच विनंती आहे. तो जगज्जेता व्हायला हवा होता की नाही, हे बाजूला ठेवा. आवाज वाढवा आणि तो काय बोलतोय ते एकदा ऐका. मग समोरची गर्दी कोणत्या वाक्यावर हुर्यो करतेय, तेही ऐका.