वीजबिल नसलेली घरे

अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आई-वडिलांच्या अल्बममध्ये हल्ली एक फोटो हमखास असतो. यलोस्टोनच्या वाटेवर कुठेतरी उभे केलेले भाड्याचे मोटारहोम, दारात सून, पायरीवर नातवंडे. आत ओटा, फ्रीज, बिछाने, न्हाणीघर, सारे काही. ‘अगदी घरच हो!’ असे कौतुकाने सांगितले जाते. आठवड्याच्या सहलीपुरते ते खरेही असते. परंतु अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात अशी असंख्य माणसे आहेत की ज्यांना या घरावाचून दुसरे घर नाही. त्यांचा संसार समजून घ्यायचा तर त्याच्या खिडकीतून दिसणारे डोंगर थोडे बाजूला ठेवून त्याच्या विजेचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब बँकेच्या खात्यासारखा आहे. एका वेळी किती काढता येते ही एक मर्यादा आणि एकूण शिल्लक किती ही दुसरी. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर गाडी लावली की शेजारच्या खांबावरून वीज घेता येते. साधारण जोडणी ३० अँपिअरची असते. तिथला दाब १२० व्होल्ट, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ३६०० वॅट. एअर कंडिशनर चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि त्याच वेळी कोणी केस वाळवायचे यंत्र सुरू केले की सगळे बंद! युरोपात पुष्कळ ठिकाणी ६ अँपिअरच मिळतात. २३० व्होल्टला ते १३८० वॅट होतात. ब्रिटिश घरातली चहाची किटली ३००० वॅटपर्यंत वीज खाते. तेव्हा अशा प्रवाशांसाठी कमी वॅटची, सावकाश उकळणारी किटली वेगळी विकली जाते. चहा आधी की हीटर आधी, हा तिथे रोजच्या संसारातला प्रश्न आहे.

खांब सोडला की दुसरी मर्यादा सुरू होते. आता वीज फक्त बॅटरीतली. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदोपत्री १.२ युनिट. जुन्या पद्धतीची शिशाची बॅटरी असेल तर ती निम्म्याखाली उतरू द्यायची नसते, नाहीतर लवकर निकामी होते. म्हणजे हाती उरले जेमतेम अर्धे युनिट. सर्वसाधारण अमेरिकन घर दिवसाला ३० युनिटच्या आसपास वीज वापरते, हे लक्षात घेतले म्हणजे या अर्ध्या युनिटाची किंमत कळते. दीड हजार वॅटचा एअर कंडिशनर त्यावर अर्धा तासही चालणार नाही. दिवे लागतील, फोन चार्ज होईल. पण झोपेत श्वास अडकण्याचा विकार असणाऱ्यांना रात्रभर जे यंत्र नाका-तोंडावर लावावे लागते, तेच पाव ते अर्धे युनिट घेते. छोटा फ्रीज दिवसाला तेवढीच वीज मागतो, आणि त्या फ्रीजमध्ये इन्शुलिन असू शकते. साठी-सत्तरीच्या माणसापुढे जेव्हा श्वासाचे यंत्र आणि इन्शुलिन यांत निवड करण्याची वेळ येते, तेव्हा ‘निसर्गाच्या सान्निध्यातील साधे जीवन’ हे शब्द जपून वापरायला हवेत.

ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचे छोटे गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या आसपास मोटारहोमांचे शहरच वसते. सरकारी जमिनीवर १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे आखलेली आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांचा परवाना अनेक वर्षे १८० डॉलरला मिळत असे. इतक्या स्वस्तात अमेरिकेत एका खोलीचे महिन्याचे भाडेही भागत नाही. पाणी भरण्याची आणि मैला टाकण्याची सोय तिथे आहे, विजेचा खांब मात्र नाही. लाखो डॉलरच्या गाडीतून आलेले निवृत्त जोडपे आणि जुनी व्हॅन हेच सर्वस्व असलेली एकटी बाई, दोघांवर सूर्य सारखाच तापतो. एप्रिलमध्ये ऊन वाढू लागले की जोडपे कॅनडाच्या सीमेकडचे आपले घर गाठते. त्या बाईला पुढचा मुक्काम शोधावा लागतो. एरवी सरकारी मोकळ्या जमिनीवर एका जागी साधारण १४ दिवसच राहता येते.

ही एकटी बाई तिथे आली कशी? गृहकर्जाच्या फायली हाताळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला फार परके वाटत नाही. २००८ च्या अरिष्टात अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या आणि घर कर्जापेक्षा स्वस्त झाले. ज्यांची नोकरी त्याच सुमारास गेली, त्यांचे हप्ते थकले आणि घर गेले. पन्नाशी-साठीतल्या माणसाला पुन्हा उभे राहायला वेळ नव्हता. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी अशा भटक्या वृद्धांवर लिहिलेले ‘नोमॅडलँड’ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. त्याची सुरुवात नेवाडातल्या एम्पायर या गावापासून होते. जिप्सम कारखान्याच्या आधारावर उभे असलेले हे गाव कारखाना २०११ मध्ये बंद पडताच रिकामे झाले, आणि टपाल खात्याने त्याचा झिप कोड, म्हणजे आपला पिनकोड, बंद केला. माणसे होती, आठवणी होत्या, पण पत्ता पुसला गेला.

मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे दिसते. घरात येणारी विजेची तार नुसती वीज आणत नाही, ती माणसाला पत्ता देते. आपल्याकडे बँकेत खाते उघडायला आलेल्या ग्राहकाच्या ओळखपत्रावर सध्याचा पत्ता नसेल, तर दोन महिन्यांच्या आतले वीजबिल चालते. वर्षानुवर्षे आपण वीजबिलाच्या फायली जपून ठेवतो त्या काही विजेच्या प्रेमापोटी नव्हे. अमेरिकेतही २००१ च्या कायद्यानंतर खाते उघडताना राहत्या जागेचा पत्ता लागतो, टपालपेटीचा क्रमांक पुरत नाही. मोटारहोमवाल्याने काय करावे? मग पत्त्याचीही सोय निघते. साउथ डकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल-सेवेचा पत्ता दाखवून वाहन-परवाना मिळवण्याची वाट अनेक वर्षे हजारोंनी वापरली. परंतु २०२३ मध्ये त्या राज्याने मतदार नोंदणीसाठी तिथे ३० दिवस राहिल्याची अट घातली. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावी ‘एस्केपीज’ या १९७८ साली निघालेल्या संघटनेमार्फत कितीतरी भटक्यांची टपाले येतात. गाडी चालवण्याइतकी शक्ती उरली नाही, त्यांना आपापल्या मोटारहोममध्येच राहून देखभाल मिळण्याची सोयही तिथे आहे. माणसांनी माणसांसाठी उभे केलेले हे काम कौतुकाचेच आहे. पण मताधिकार आणि बँकखाते यांसाठी एखाद्या क्लबाचा आधार घ्यावा लागावा, हे त्या संपन्न देशाला शोभणारे नाही.

कायदाही फारसा मदतीला येत नाही. ऑरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की, सार्वजनिक जागेत मुक्काम करणाऱ्यांना शहरे दंड करू शकतात. त्या शहराच्या नियमात मुक्कामाच्या व्याख्येत वाहनही होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका रात्री केलेल्या सरकारी मोजणीत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली होती. काही शहरांनी वेगळी वाट काढली आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरामध्ये २००४ पासून चर्चची व कार्यालयांची वाहनतळे रात्रीपुरती अशा लोकांना खुली केली जातात. सकाळ झाली की निघायचे. पोलीस काचेवर टकटक करणार नाही एवढी शाश्वती मिळते, आणि तीही थोडी नाही.

यावर कोणी म्हणेल की सौर पत्रे आणि लिथियमच्या बॅटऱ्यांनी हा प्रश्न सुटतच आला आहे. तंत्रज्ञानाच्या बाजूने ते बरेचसे खरे आहे. १०० वॅटचा पत्रा चांगल्या उन्हात दिवसाला चार-दोन दिवे, फोन आणि फ्रीज यांची बेगमी करतो. लिथियमची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि दहा-दहा वर्षे टिकते. पण ही सगळी आगाऊ गुंतवणूक आहे. ज्याच्यापाशी रक्कम आहे तो छतावर सहा पत्रे बसवून वाळवंटात थंड हवा खातो. ज्याच्यापाशी नाही तो दर दोन वर्षांनी शिशाची स्वस्त बॅटरी बदलत राहतो आणि हिशेबाने शेवटी जास्तच खर्च करतो. गरिबाला कर्ज नेहमी महाग पडते, हे बँकेत बसून आम्ही रोज पाहिले. विजेचेही तसेच आहे.

आता आपल्या जवळचा एक धागा. अमेरिकेतले हे भटके हंगामी कामांवर जगतात आणि त्यातले एक काम साखरेचे आहे. मिनेसोटा-नॉर्थ डकोटाच्या सीमेवर ऑक्टोबरात शुगरबीटची काढणी असते, बारा-बारा तासांची पाळी. तिथला अमेरिकन क्रिस्टल हा कारखाना १९७३ पासून शेतकऱ्यांच्या मालकीचा, म्हणजे सहकारीच आहे. या कामाला येणाऱ्या मोटारहोमवाल्यांना पगाराबरोबर पाणी आणि विजेच्या जोडणीसह जागा देऊ केली जाते. काम अंगमेहनतीचे आणि थंडी कडाक्याची, तरी कामगार हवा असेल तर त्याच्या दाराशी वीज न्यावी लागते, हे तिथल्या व्यवहाराने ओळखले आहे.

आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात दिवाळीनंतर बीड, जालना, अहिल्यानगरकडून कोयत्यांच्या टोळ्या येतात. त्यांचे घरही फिरतेच. बांबू, चटया आणि प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी, पाच-सहा महिन्यांचा मुक्काम. ऊस कारखान्यात जातो, पण तोडणारा त्या कारखान्याच्या पटावर नसतो. तो उचल देणाऱ्या मुकादमाचा. बहुतेक कोप्यांत विजेची तार पोचत नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापणारी बाई मोबाइलच्या उजेडात किंवा चुलीच्या जाळावर काम भागवते. अर्ध्या युनिटाचा हिशेब तिच्यापर्यंत आलेलाच नाही.

आपल्या राज्यकर्त्यांनी काही बाबतींत चांगली पावलेही टाकली आहेत. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे धान्य आता माणसामागे जाऊ शकते, आणि हे काम अमेरिकेलाही हेवा वाटावा असे आहे. मताचे मात्र तसे झाले नाही. निवडणूक आयोगाने एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे दूरस्थ मतदान घेण्याची योजना २०२२ च्या डिसेंबरात मांडली, पुढच्या महिन्यात राजकीय पक्षांपुढे ठेवली, आणि तिथेच ती अडली. विजेचेही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. परंतु त्यासाठी स्वतःचे छप्पर हवे आणि आधीची वीजजोडणी हवी. ज्याच्यापाशी दोन्ही नाहीत, तो योजनेच्या मोजपट्टीतच बसत नाही.

यात अवघड असे काय आहे? कारखान्याला गाळप परवाना देताना तळावर हंगामापुरती वीजजोडणी आणि कोपीगणिक एक दिवा, एक चार्जिंगची जागा एवढी अट घालता येईल. ऊसतोड कामगारांना ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झालेच आहे, त्याच ओळखपत्राला हंगामातला तात्पुरता पत्ता म्हणून बँकेने, शाळेने आणि दवाखान्याने मान्यता द्यायला हवी. सौर पत्र्यासाठीचे अनुदान छपराऐवजी माणसाच्या नावे दिले, तर पत्रा बैलगाडीवरून वा ट्रॅक्टरवरूनही जाईल. ॲरिझोनातल्या व्हॅनवर तो गेली कित्येक वर्षे जातोच आहे.

घर चाकांवर असावे की जमिनीवर, हे ज्याचे त्याने ठरवावे. काहींना भटकण्याची हौस असते आणि ती त्यांना लखलाभ असो. पण हौसेने घेतलेली मर्यादा आणि गळ्यात पडलेली मर्यादा यांतला फरक सरकारला कळला पाहिजे, आणि आपल्यालाही. पुढच्या वेळी वीजबिल हाती पडले की आकड्यावर कपाळाला आठी घालण्यापूर्वी वरच्या कोपऱ्यात छापलेले आपले नाव आणि पत्ता एकदा वाचून पाहावा. त्या दोन ओळींसाठी माणसे किती मैल फिरतात!