पाटीवरचे 50 हर्ट्झ

मंडळी, परवा लातूरच्या एका डाळ मिलवाल्या दोस्ताचा फोन आला. बाहेरच्या देशातला जुना डिझेल जनरेटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का? म्हटलं, आधी पाटीचा फोटो टाक. पाटीवर 60 हर्ट्झ! म्हणलं, थांब जरा.

तुमच्या बोअरच्या मोटारीची पाटी बघा. 50 हर्ट्झ, 2880 आरपीएमच्या आसपास. दोन पोलांचा जनरेटर 50 हर्ट्झला तंतोतंत 3000 फेऱ्यांनी फिरतो, 60 ला 3600. लहान गॅस टर्बाइनला मध्ये गिअरबॉक्स घालून दोन्हीकडे भागवता येतं. दाभोळसारखं मोठं टर्बाइन मात्र जनरेटरला थेट जोडलेलं. ग्रीडचा वेग तोच पात्यांचा वेग. म्हणून जीईनं अमेरिकेसाठी 7एफए बनवलं आणि 50 हर्ट्झवाल्या आपल्यासाठी 9एफए. फेऱ्या कमी, म्हणून आकार साधारण 1.2 पट मोठा आणि ताकद 1.44 पटीच्या आसपास.

खरी गंमत पुढं आहे. फ्रिक्वेन्सी पडली की टर्बाइनच्याच दांड्यावरचा काँप्रेसर हळू फिरतो, हवा कमी येते, ताकद घटते. म्हणजे ग्रीडला गरज असते नेमकी तेव्हाच! जास्त गॅस सोडावा तर पाती तापतात. डिझाइन करणाऱ्याला हे सगळं आधीच धरावं लागतं.

नव्वदच्या दशकात आपल्या पश्चिम ग्रीडची फ्रिक्वेन्सी कित्येकदा 49 च्या खाली जायची. 48.5 झाली की पंपाचा वेग 3 टक्के घटतो आणि पाणी चढवायची ताकद 6 टक्के. अर्धापूरच्या केळीवाल्यांना 'मोटार पाणी फेकंना' म्हणताना मी ऐकलंय. मुख्य दोष व्होल्टेजचा, पण हाही होताच. 2002 मध्ये विजेचा दर फ्रिक्वेन्सीला बांधला, तेव्हा कुठं शिस्त आली.

आता काहीजण म्हणतात, गॅस मिळत नाही, मग उरणचं 672 मेगावॅटचं केंद्र मोडीत काढा. मला हे पटत नाही. शिवारात सोलर येतंय, चांगलंच आहे. पण इन्व्हर्टरमध्ये फिरणारं जड चाक नसतं. अचानक धक्का बसला तर फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारी ती चाकं कुठून आणणार? परळीचे कोळशाचे संच तर 2015 च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद पडले होते. कोयना आहे, बॅटऱ्याही येतील. तोवर गॅस संचांना फक्त युनिटवर मोजू नका, तयार राहण्याचे वेगळे पैसे द्या. बिलात चार पैसे वाढतील, ते मी मान्य करतो.

दोस्त विचारतोय, 60 वाला 50 वर चालवला तर? चालेल, पण व्होल्टेज आणि ताकद दोन्ही सहाव्या हिश्श्यानं तरी उतरतील. आता तो गडी किलोवर भाव विचारतोय.