शीतगृहापूर्वीची परीक्षा

आमचा बटाटा पावसाळी आहे, ही गोष्ट विसरून जो साठवणुकीचा बेत करतो तो पोत्यांत तोटाच भरून ठेवतो. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मृगाच्या पावसावर लावलेले हे पीक भाद्रपद-आश्विनात निघते. तेव्हा जमिनीत ओल असते, साल कोवळी असते आणि साऱ्या गावांच्या गाड्या एकाच सुमारास बाजाराकडे वळलेल्या असतात. भाव कोसळला की शीतगृह हाच तारणहार वाटू लागतो. परंतु शीतगृह म्हणजे रुग्णालय नव्हे! 2 ते 4 अंशांच्या थंडीत कूज मंदावते. रोगी बटाटा निरोगी होऊन तेथून बाहेर येत नाही. कोणते पोते ठेवावे आणि कोणते त्याच दिवशी विकावे, हा निवाडा शेतकऱ्याने आपल्या खळ्यातच केला पाहिजे. तो दलालावर सोपविणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

पहिली परीक्षा सालीची. बटाटा अंगठ्याने जोर देऊन घासावा. साल सुटून आली तर तो माल साठवणुकीचा नव्हे. काढणीपूर्वी 10 ते 15 दिवस पाला कापून टाकला तर साल जमिनीतच पक्की होते. पण भावाच्या घाईत हे दिवसच प्रथम कापले जातात. काढलेला माल आणखी 10 ते 15 दिवस सावलीत, हवेशीर जागी ढीग करून ठेवावा, म्हणजे लहान जखमा भरून येतात. पुणे जिल्ह्यात झाडाच्या सावलीत अरण रचून वर गवत-पाचोळा घालण्याची जुनी रीत आहे, तिच्यात हेच शहाणपण आहे. उन्हात मात्र ठेवू नये. उजेडाने बटाटा हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि खाण्यास तो निकामी ठरतो.

दुसरी परीक्षा सुरीची, आणि खरा निकाल तीच देते. वरच्या थरातील चार देखणे बटाटे पाहून पोते पास करणे ही बाजारातील जुनी लबाडी आहे. घरी तरी तिची नक्कल नको. निरनिराळ्या पोत्यांच्या तळातून आणि मधून नमुना काढून कापावा. सालीखाली तांबूस-तपकिरी, रवाळ डाग आत पसरलेला दिसला तर तो करप्याचा. आमच्या दमट हवेत त्याची भीती मोठी. सालीच्या आत तपकिरी कडे दिसले आणि दाबताच पांढुरका चिकट द्रव आला, तर ती बांगडी. असा माल शीतगृहात तर नकोच, बियाण्यासाठीही नको. जमीन वर्षानुवर्षे नासते. हाताला ओलसर, नाकाला दुर्गंधी असा एकच मऊ बटाटा पोत्यात राहिला तर त्याचे पाणी शेजाऱ्यांना भिजवीत जाते. डोळ्यांजवळ बारीक छिद्रे आणि विष्ठा दिसली की पाकोळीची अळी आत आहे असे समजावे.

शंका राहिली तर थोडा नमुना उबदार, ओलसर जागी दोन आठवडे ठेवावा. दडलेली कूज तेथे लवकर वर येते. पक्वता पाहायची तर 1 लिटर पाण्यात सुमारे 125 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बटाटे सोडावेत. बुडतील ते भरीव, तरंगतील ते पाणचट. हे भिजलेले बटाटे पुन्हा पोत्यात घालू नयेत.

या कसोट्यांवर आमच्या खरीप मालाचा मोठा भाग लांबच्या साठवणुकीस उतरणार नाही, हे कटू असले तरी सांगितलेच पाहिजे. तो ताबडतोब विकावा. त्यावर शीतगृहाचे भाडे चढवू नये.

जो माल ठेवायचा, त्याच्या पावतीवर केवळ पोत्यांची संख्या असून भागत नाही. माल कोणत्या अवस्थेत आत गेला आणि नासल्यास जबाबदारी कोणाची, हेही लिहिलेले हवे, आणि ते शेतकऱ्याला वाचता आले पाहिजे. पावतीवर ‘आलूगड्डे’ छापले म्हणून बटाटा बदलत नाही. पण अटीच कळल्या नाहीत तर मालकाचा हक्क मात्र बदलतो. कानडी शेतकऱ्याशी आमचे भांडण नाही. कुजलेल्या पोत्यात त्याचाही तोटा तेवढाच आहे. त्याला त्याच्या भाषेत आणि आम्हाला मराठीत पावती मिळावी, ही मागणी येत्या काढणीपूर्वी गावोगावच्या शेतकऱ्यांनी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.