हरवले ते संगीत नव्हे

‘हरवले’ आणि ‘सापडले’ ही दोन क्रियापदे समीक्षेने बाजारपेठेकडून उसनी घेतली आणि परत करायचे ती विसरली. इतालीय चित्रपटसंगीताविषयी गेल्या तीन दशकांत जे लेखन झाले, त्यातील बरेचसे या दोन क्रियापदांभोवतीच फिरत राहिले आहे. प्रकाशकाच्या कोठारात जुन्या फिती आढळतात, त्या स्वच्छ केल्या जातात, नव्या तबकडीवर येतात, वेष्टनावर ‘प्रथमच संपूर्ण’ असे शब्द छापले जातात आणि एका लुप्त कलाकृतीचा पुनर्जन्म झाल्याची द्वाही फिरवली जाते. विक्रेत्याने असे करावे यात नवल नाही. ज्यांच्याकडून विवेकाची अपेक्षा आहे ते समीक्षकही ती द्वाही पुढच्या गावी नेऊन पोचवतात, आणि चित्रपट एखाद्या पंथाप्रमाणे भक्तगण लाभलेला विनोदपट असेल तर त्यांच्या उत्साहाला पारावार राहत नाही. या व्यवहाराच्या मुळाशी कलाकृतीच्या स्वरूपाविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे आणि ते चुकीचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती. १९५० ते १९८० या काळात रोममध्ये प्रचंड संख्येने चित्रपटसंगीत ध्वनिमुद्रित झाले. त्याचा फारच थोडा भाग त्या वेळी तबकडीवर आला. पुष्कळदा शीर्षकधून आणि तिच्या पाठीवर एखादे गीत, एवढेच. उरलेल्या फिती संगीतप्रकाशकांच्या कपाटांत राहिल्या. पुढे मिलानमधून १९९६ पासून ‘इझी टेम्पो’ ही संकलनमाला निघू लागली आणि या विस्मृत धुनांना एक नवा, तरुण, नृत्यगृहांत वावरणारा श्रोता मिळाला. त्यानंतर लहानमोठ्या प्रकाशनसंस्थांनी हा साठा उपसण्याचा सपाटाच लावला. यातून पिएरो उमिल्यानी (१९२६–२००१) या फ्लॉरेन्समध्ये जन्मलेल्या संगीतकाराचे नाव पुन्हा उजेडात आले. तत्पूर्वी जगाला त्याची एकच रचना ठाऊक होती. १९६८ च्या एका सनसनाटी स्वीडनदर्शनपटासाठी त्याने रचलेले ‘मा ना मा ना’ हे निरर्थक अक्षरांचे गाणे ‘सेसमी स्ट्रीट’ आणि ‘मपेट शो’मार्फत घरोघर पोचले. ते मुळात कोणत्या दृश्यासाठी रचले होते हे ते गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल? धून जगली आणि दृश्य मेले. याला कोणी ‘हरवणे’ म्हणत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता ज्या चित्रपटाच्या संदर्भात हा वाद खरोखर महत्त्वाचा ठरतो त्याकडे वळावे. मारिओ मोनिचेल्लीचा ‘ई सोलिती इन्योती’ १९५८ साली आला. शीर्षकाचा अर्थ ‘नेहमीचेच अज्ञात’. चोरी झाली आणि चोर सापडले नाहीत की वृत्तपत्रे वापरतात ती ही ठोकळेबाज शब्दरचना. ‘कोमेदिया आल्लितालियाना’ या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या विनोदपटांच्या परंपरेची सुरुवात सामान्यतः या चित्रपटापासून मानली जाते. रोमच्या दरिद्री वस्त्यांतील काही भुरटे चोर एका गहाणपेढीची तिजोरी फोडण्याचा ‘शास्त्रशुद्ध’ बेत आखतात. तोतोने साकारलेला निवृत्त तिजोरीतज्ज्ञ त्यांना गच्चीवर रीतसर धडे देतो. तिजोरी उघडण्याची पद्धत चोरून चित्रित केली जाते, पण नेमक्या क्षणी भिंगासमोर वाळत घातलेले कपडे येतात. अखेरीस रात्रभर खपून भिंत फोडली जाते ती चुकीची. समोर तिजोरीऐवजी त्याच घराचे स्वयंपाकघर निघते आणि बहाद्दर तिथे उरलेला पास्ता नि हरभरे खाऊन परततात.

या चित्रपटाला उमिल्यानीने जॅझ दिले. इतालीय चित्रपटात जॅझचा असा सलग वापर करणाऱ्या पहिल्या काही चित्रपटांपैकी हा एक. ही नवलाई तबकडीच्या वेष्टनांवर आवर्जून नोंदवली जाते आणि नोंद तिथेच संपते. प्रश्न वेगळा आहे: या फाटक्या माणसांच्या कथेला जॅझ का? त्यांच्या गल्लीबोळांचे हे संगीत नव्हे. ते दुसऱ्याच एका चित्रपटाचे आहे, आणि तो चित्रपट या चोरांच्या डोक्यात सतत चालू असतो. ज्यूल दासँचा ‘रिफिफी’ १९५५ साली आला होता. त्यात दागिन्यांच्या दुकानावरील दरोड्याचा सुमारे अर्ध्या तासाचा भाग संवादाविना आणि संगीताविना चालतो. जॉर्ज ओरिकने त्यासाठी रचलेले संगीतसुद्धा शेवटी वगळण्यात आले. मोनिचेल्लीच्या चित्रपटाचे स्पेनमधील नाव ‘रुफुफू’ होते, म्हणजे विडंबनाचा रोख तिकडच्या वितरकालाही कळला होता. १९५८ सालीच लुई मालच्या ‘असांसर पूर लेशाफो’ या गुन्हेपटात माइल्स डेव्हिसच्या तुतारीने पॅरिसची रात्र गंभीर, प्राणघातक आणि सुंदर केली. गुन्हा, शहर, रात्र आणि जॅझ यांचे समीकरण अशा रीतीने प्रेक्षकाच्या कानात पक्के होत होते.

उमिल्यानीचे संगीत हे समीकरण जसेच्या तसे उचलते. ते कुठेही डोळा मिचकावत नाही. घसरणाऱ्या पात्रासाठी घसरणारा स्वर, पडणाऱ्यासाठी ढोलाचा ठोका, असली विदूषकी त्यात नाही. चोर स्वतःला जितक्या गांभीर्याने घेतात तितक्याच गांभीर्याने संगीत त्यांना घेते. जान्नी दी वेनान्झोचे काळोखे, निष्ठुर छायाचित्रणही तेच करते. दगा देतात त्या वस्तू: पाण्याचा नळ, वाळत घातलेले कपडे, भिंत. भरताने शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य निपजते असे म्हटले आणि अभिनवगुप्ताने तो विचार इतर रसांच्या आभासांपर्यंत विस्तारला. त्या परिभाषेत बोलायचे तर येथे वीररसाचा आभास संगीत निर्माण करते आणि दृश्य तो उघडा पाडते. हास्य ना सुरात आहे ना चित्रात. ते दोहोंच्या विसंगत मीलनात आहे. त्या हास्याला करुणाची किनारही याच विसंगतीतून येते, कारण या माणसांना स्वतःच्या आयुष्याचे पार्श्वसंगीतसुद्धा दुसऱ्यांकडून आणावे लागते.

मग या संगीताची नुसती तबकडी ऐकणाऱ्याला काय मिळते? उत्तम जॅझ. ऐटबाज, रात्रीचे, शहरी जॅझ. म्हणजे ज्या भ्रमाची चित्रपटाने यथेच्छ टर उडवली नेमका तोच भ्रम, टर वजा करून. विडंबनातून विडंबन गाळले की शिल्लक राहते ते विडंबिताचे अनुकरण. ‘पुनःशोध’ म्हणून ज्याचा गौरव होतो ती क्रिया तत्त्वतः अशी वजाबाकीची आहे. पुढच्या वर्षी नान्नी लोयने या चित्रपटाचा उत्तरभाग काढला. त्याच्या संगीतात चेट बेकरची तुतारी आहे, आणि संग्राहकांच्या लेखी तो चित्रपट आता बेकरच्या वादनसूचीतली एक नोंद होऊन बसला आहे.

यावर एक ठरीव उत्तर मिळते: संगीत स्वायत्त आहे, ते दृश्याच्या कुबड्यांवाचून उभे राहते, आणि असे उभे राहणे हीच त्याच्या श्रेष्ठत्वाची कसोटी. मराठी सौंदर्यविचाराशी परिचित असलेल्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा मुद्दा येथे मर्ढेकरांपासून घासूनपुसून मांडला गेला आहे. परंतु मर्ढेकरांनीसुद्धा सौंदर्य शोधले ते घटकांमधील संवाद, विरोध आणि समतोल यांत, सुटलेल्या घटकात नव्हे. विरोधाच्या नात्यातील एक पद उपटून काढायचे आणि त्याला स्वायत्त म्हणायचे, हा लयविचार नव्हे, ही मोडतोड आहे. स्वायत्त काही असलेच तर तो चित्रपट आहे.

आणखी एक गोष्ट. ज्याला सर्रास ‘साउंडट्रॅक’ म्हटले जाते ते चित्रपटाच्या ध्वनीपैकी केवळ संगीत असते. मिशेल शिओन या फ्रेंच अभ्यासकाने तर चित्रपटात ध्वनिपट नावाची स्वतंत्र, एकसंध वस्तूच नसते, असे ठासून सांगितले आहे. प्रत्येक ध्वनी आपला अर्थ प्रथम चित्राशी जोडून घेतो. इतालीय चित्रपटाच्या बाबतीत हे विधान दुप्पट खरे आहे, कारण तिथे आवाज बहुधा मागाहून, ध्वनिमुद्रणगृहात चढवले जात. ‘ई सोलिती इन्योती’मध्ये ईर्ष्याळू सिसिलियन फेर्रिबोत्तेचे काम करणारा तिबेरिओ मुर्जा मुळात सार्डिनियाचा, त्याच्या तोंडी सिसिलियन बोलणारा आवाज दुसऱ्याचा आहे. सदा भुकेला कापान्नेल्ले साकारणारा कार्लो पिसाकाने नेपल्सचा, पण पडद्यावर तो बोलोन्याच्या वळणाने बोलतो, तेही परक्या गळ्यातून. विविध प्रांतांतून रोमच्या कडेला येऊन पडलेल्या दरिद्री माणसांचे हे बोलीसंमेलन हा चित्रपटाच्या विनोदाचा आणि त्याच्या सामाजिक आशयाचा कणा आहे. चित्रपटाचा पहिलाच मोठा विनोद पाहावा: रात्री मोटार चोरायला निघालेला कोसिमो भोंगा वाजू लागल्याने पकडला जातो. हा विनोद संपूर्णपणे ध्वनीचा आहे. तो भोंगा तबकडीवर कसा असेल? तो संगीत नाही, म्हणून त्याचे हक्क नाहीत, आणि हक्क नाहीत म्हणून तो कधी ‘हरवत’ही नाही.

पुनःप्रकाशनाचे हे काम निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. चुंबकीय फिती कालांतराने खरोखर नष्ट होतात. त्या वाचवणाऱ्यांचे श्रम मोलाचे आहेत. चित्रपटात चाळीस सेकंदांत विरून गेलेला तुकडा सलग ऐकता आल्याने अभ्यासकाला रचनेची वीण दिसते. अनामिक वादकांची, गायकांची नावेही कधीकधी प्रथमच छापली जातात, आणि हा उशिरा का होईना झालेला न्याय आहे. आक्षेप आहे तो समीक्षेवर. तबकडी हे साधन असताना तिने ते साध्य मानले. या विनोदपटांवर अनेक वर्षे लिहिताना तिने पटकथा वाचली, समाजशास्त्र वाचले, नटांचे चेहरे वाचले. संगीत त्या सर्व काळात चित्रपटगृहात आणि पुढे दूरचित्रवाणीवर ऐकू येत होते. ज्याला कान होते त्याच्यासाठी ते एक दिवसही हरवले नव्हते. समीक्षेने ते ऐकले नाही, आणि आता संगीत वेगळ्या वेष्टनात, वेगळ्या किमतीला हाती आल्यावर आपल्या बहिरेपणाला ती त्याचे हरवणे म्हणते आहे.

कापान्नेल्लेला ज्याने बोलोन्याचा आवाज दिला, त्याच्या कामाला मात्र अशा रीतीने सापडण्याची सोय नाही. चित्रपटाच्या शेवटाकडे त्या स्वयंपाकघरात तो शेगडी पेटवू पाहतो आणि गॅसचा स्फोट होतो. तो आवाज, त्याआधीची जेवतानाची बडबड, सांडणारे पाणी, हे सारे चित्रपटाच्या प्रत्येक प्रतीत शाबूत आहे आणि एकाही तबकडीवर नाही.