कॉम्प्रेसर गेला म्हणण्याआधी

पुरंदर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे दोन दारांचा फ्रीज आहे, सहा वर्षांचा. वाटाण्याच्या हंगामात त्यांनी घरचा वाटाणा सोलला, पुडे केले आणि वरच्या बर्फाच्या कप्प्यात भरले. मागच्या आठवड्यात खालच्या कप्प्यातले दूध रात्रीतून नासू लागले. चार दिवसांनी पाहतात तो वरचे पुडेही मऊ. फ्रीजवाला आला, मागे हात लावून पाहिला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला. नवा बसवा, नाहीतर फ्रीजच बदला." ताई विचारतात, "मशीन तर रात्रंदिवस घूं घूं करीत चालूच असते, मग गेले ते काय? कांद्याचे पैसे हातात आहेत, पण ते खतासाठी ठेवलेत."

ताई, ते पैसे अजून खतासाठीच राहू द्या. अर्धे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. आधी खालचा कप्पा बिघडला आणि मग वरचा, हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये बहुधा गारवा एकाच जागी तयार होतो. वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीला जो प्लास्टिकचा पत्रा दिसतो, त्याच्या आड नळ्यांची एक जाळी असते. तिथली गार हवा एक छोटा पंखा वरच्या कप्प्यात फेकतो आणि उरलेली एका पोकळ वाटेने खाली सोडतो. पाटाच्या पाण्यासारखेच हे आहे. पाट गाळाने भरत आला की शेवटचा वाफा आधी सुकतो. इथे गाळ म्हणजे बर्फ. हवेतली वाफ त्या जाळीवर गोठत राहते, म्हणून जाळीपाशी एक हीटर बसवलेला असतो. तो ठराविक वेळाने आपोआप तापतो, बर्फ वितळवतो, पाणी नळीने मागच्या तबकात जाते आणि तिथे सुकते. हा हीटर, त्याच्यासोबतचा छोटा थर्मोस्टॅट किंवा त्यांना वेळ लावून देणारा टायमर, यांतले एक जरी बंद पडले तरी बर्फ साठत जातो. शेवटी जाळी बर्फाच्या भिंतीत गाडली जाते. मशीन बिचारे रात्रंदिवस गारवा करीत असते, पण तो बाहेर यायला वाट नसते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्याकडे एका मे महिन्यात आमरसाचे डबे असेच मऊ पडले. आलेल्या गृहस्थांनी "गॅस संपलाय" म्हणून गॅस भरला, पैसे घेतले. फ्रीज छान चालू लागला. बाराव्या दिवशी पुन्हा तेच! दुसऱ्या कारागिराने मागचा पत्रा उघडला तेव्हा आत पांढरी वीट दिसली. दोष हीटरच्या थर्मोस्टॅटचा होता, किंमत अगदी मामुली. पहिल्या खेपेला गॅसमुळे नव्हे, तर काम चालले असताना फ्रीज दिवसभर उघडा पडला आणि बर्फ वितळला म्हणून तो सुधारला होता. आमरस मात्र गेला.

म्हणून हीच परीक्षा तुम्ही फुकटात घ्या. आधी माल वाचवा. ज्या पुड्यात अजून बर्फाचे खडे लागतात तो शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवा, किंवा पुडे एकाला एक चिकटवून थर्माकोलच्या खोक्यात रचा आणि वरून जाड गोधडी गुंडाळा. पूर्ण वितळून कोमट झालेला वाटाणा खाऊ नका, तो उकिरड्यात टाका. मग प्लग काढा, दोन्ही दारे सताड उघडी ठेवा, खाली फडकी अंथरा आणि पूर्ण एक दिवस आणि रात्र तसेच राहू द्या. घाईने सुरी किंवा पेचकस घेऊन बर्फ टोकरू नका. आतल्या नळ्या पातळ अॅल्युमिनियमच्या असतात; एक भोक पडले की मग खरोखरच मोठा खर्च.

दुसऱ्या दिवशी फ्रीज चालू करा, चोवीस तास थांबा. सगळे पूर्ववत गोठू लागले आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा मऊ पडले, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचाच. कॉम्प्रेसर निर्दोष सुटला. फ्रीजवाल्याला तेवढेच सांगा: पत्रा उघडून हीटर, थर्मोस्टॅट, टायमर मीटरने तपासा. (नव्या फ्रीजमध्ये टायमरच्या जागी इलेक्ट्रॉनिक पट्टी असते.)

पंख्याचाही संशय घ्या. दार उघडले की पुष्कळ फ्रीजमध्ये पंखा थांबतो. दाराच्या चौकटीत छोटा खटका असतो, तो बोटाने दाबून धरा आणि कान द्या. वरच्या कप्प्यात भिरभिर ऐकू आली पाहिजे. काहीच आवाज नसेल तर पंखा जळाला असेल किंवा बर्फात अडकला असेल. बर्फ वितळवल्यावरही फिरला नाही तर पंखा बदलायचा, कॉम्प्रेसर नव्हे.

आता पत्रा उघडल्यावर जाळी पाहा, किंवा कारागिराला दाखवायला सांगा. यात फार मोठी खूण आहे. सगळी जाळी जाड बर्फाने भरलेली असेल तर वर सांगितले तेच. पण एका टोकाला थोडे दव गोठलेले आणि बाकीच्या नळ्या कोरड्या असतील, तर गॅस कमी आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फ्रीजचा गॅस चुलीच्या गॅससारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. कारागिराने गळती शोधावी, जोड बंद करावा, फिल्टर बदलावा, पंपाने आतली हवा ओढून घ्यावी आणि मग गॅस वजन करून भरावा. फ्रीजमागच्या चिठ्ठीवर "आर ६००ए" असे असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. काम चालू असताना चूल, शेगडी, देवापुढचा दिवा, सारे विझवा, खिडक्या उघडा. शक्य तर फ्रीज ओसरीवर काढून मगच हात घालू द्या.

कॉम्प्रेसर कधीच जात नाही असे नाही. पण त्याची लक्षणे वेगळी. मशीन घूं करते, लगेच "टक्" होऊन बंद पडते, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तेच, आणि हात ठेववत नाही इतके तापते. त्यातही आधी व्होल्टेज पाहा. वीज २३० व्होल्टच्या आसपास हवी. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गावात ती कितीतरी खाली येते आणि मशीनला उठायला बळच मिळत नाही. व्होल्टेज ठीक असेल तर त्याच्या बाजूचा रिले बदलून पाहावा. तेवढ्यानेही काम भागते. स्टॅबिलायझर घ्याल तर वीज परतल्यावर तीन-चार मिनिटे थांबून चालू करणारा घ्या. कॉम्प्रेसर गेला असे कुणी म्हणेल तर त्याला मीटर लावून दाखवायला सांगा. नुसता हात लावून ते कळत नाही.

साध्या गोष्टी मी मागे ठेवल्या, पण त्या सगळ्यात आधी कराव्यात. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. ती सहज निघून आली तर तिथून ओल आत जाते. रबर कोमट साबणपाण्याने पुसा, वाकडे झाले असेल तर गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बसवा. मागे काळी जाळी असेल तर तिच्यावरचे जाळे आणि भुसा झाडा. भिंतीपासून फ्रीज वीतभर पुढे ओढा. आणि मेहेरबानी करून त्याच्यावर धान्याची पोती ठेवू नका!

एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ हाताने काढावा लागतो. बर्फ बोटाच्या अर्ध्या पेराएवढा झाला की बटण दाबून वितळवा. मासळी किंवा आमरसासाठी पेटीसारखा डीप फ्रीजर असेल तर त्याच्या बाजू तापलेल्या लागतात; पुष्कळ पेट्यांत गरम नळ्या त्या पत्र्यातच असतात, तो बिघाड नव्हे. पण शंभर लिटरच्या पेटीत एका दिवशी तीन-चार किलोपेक्षा जास्त ताजा माल घातला तर चांगली पेटीही हरते.

आणखी एक. पाण्याचा बर्फ होतो म्हणून फ्रीजर ठीक आहे असे समजू नका. पाणी शून्य अंशालाच गोठू लागते. वाटाणा महिनोन्‌महिने टिकायचा तर उणे १८ अंश लागतात. बर्फ कडक पण कुल्फी मऊ, ही बिघाडाची पहिली चाहूल. परगावी जाताना पेलाभर बर्फावर रुपयाचे नाणे ठेवून जा. परत आल्यावर नाणे तळाशी गोठलेले दिसले तर मधे सारे वितळले होते, आतले काही खायचे नाही. जनावरांची लस मात्र कधीही त्या कप्प्यात ठेवू नका. लाळ्याखुरकूताची लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, गोठली की वाया जाते. तिची जागा खाली.

कुठलाही पत्रा उघडण्याआधी प्लग काढलेला असावा, बटण बंद करणे पुरेसे नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहू नका. फ्रीजला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर बाकी सारे सोडा आणि आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

ताई, बर्फ वितळवल्यावर किती दिवस फ्रीज नीट चालला आणि खटका दाबल्यावर पंख्याचा आवाज आला की नाही, एवढे दोन ओळींत कळवा. कारागिराला पुन्हा बोलवायचे ते त्यानंतर.